चवळीच्या पानांवरील पांढऱ्या रेघा आणि नागअळीचा संसार

परसदार (गुहागर) · ३ डिसेंबर

आमच्या घरामागे विहिरीपासून गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, जेमतेम अडीच गुंठ्यांचे परसू आहे. दिवाळी झाली की त्यात चवळी, टोमॅटो, दोडका आणि कडेने झेंडू लावण्याची आमची जुनी पद्धत आहे. या वर्षी चवळीला तिसरे पान फुटले, तेव्हा पानांवर आधी फिकट बारीक ठिपके दिसले, कोणी सुईने टोचून ठेवावे तसे. चार-पाच दिवसांत त्याच पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या. रेघ सुरुवातीला दोऱ्याइतकी बारीक असते, वळणे घेत रुंदावत जाते आणि एका ठिकाणी अचानक संपते. पान उलटून पाहिले तर खालच्या बाजूला जवळपास काहीच दिसत नाही.

आईने चुलीतली राख पानांवर भुरभुरवली, तिचा काही उपयोग झाला नाही. मग बाजारातल्या एका दुकानातून औषध आणून आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारले. बाटलीवर भलत्याच किडींची नावे होती, पण सगळ्यावर चालते असे सांगण्यात आले. चवळीवरचा मावा गेला हे खरे. रेघा मात्र पूर्वीपेक्षा वाढल्या आणि आता टोमॅटोची खालची पाने पांढरी पडून वाळू लागली आहेत. गडग्याला लागून एरंडाची दोन झाडे आपोआप उगवलेली आहेत, त्यांच्याही पानांवर अशाच रेघा आहेत. ती तोडून टाकावीत असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. हा काय प्रकार आहे, आणि फवारूनही तो वाढला कसा, हे कोणी नीट समजावून सांगेल काय?

भिंगवाला (देवगड) · ३ डिसेंबर

आपले वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्र मागण्याची गरज वाटत नाही. ही नागअळी आहे. आपण अळी म्हणतो म्हणून पुष्कळांना ती पतंगाची किंवा फुलपाखराची वाटते, परंतु ही माशीची अळी आहे. ॲग्रोमायझिडी या कुळात सुमारे ३,००० जातींच्या माश्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींचे बालपण पानाच्या आत जाते. आपल्याकडील भाजीपाल्यावर बहुधा जी आढळते तिचे नाव लिरिओमायझा ट्रायफोली. ती मूळची अमेरिका खंडातील असून भारतात १९९०-९१ च्या सुमारास पोहोचली आणि नंतर टोमॅटो, चवळी, काकडी, दोडका, शेवंती, झेंडू, एरंड अशा नाना कुळांतल्या झाडांवर पसरली. आमच्या वेळी चवळीवर इतक्या रेघा नव्हत्या असे जुनी माणसे सांगतात, ते म्हणूनच निव्वळ गतकाळाचे कौतुक समजू नये.

माशी दीड ते दोन मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी असते. डोके पिवळे, पाठ काळी, आणि पाठीच्या मागच्या टोकाला, दोन्ही पंखांच्या मुळांमध्ये, एक ठळक पिवळा ठिपका. मादीच्या पोटाच्या टोकाशी पान टोचण्याचे अवजार असते. ती पान टोचते, मग वळून त्या छिद्रातून पाझरलेला रस चाटते. आपण पाहिलेले सुईचे ठिपके ते हेच. नराला असे अवजार नसते. मादीने टोचून ठेवलेल्या छिद्रांवरच त्याला भागवावे लागते. यांतील बहुतेक ठिपके नुसते खाण्याचे असतात आणि थोड्याच ठिपक्यांत अंडे असते, त्यामुळे ठिपके मोजून अळ्यांचा अंदाज बांधू नये.

अंडे दोन ते पाच दिवसांत फुटते. आतून निघणाऱ्या अळीला पाय नसतात आणि डोके म्हणावे असे डोकेही नसते. पुढच्या टोकाला काळी, विळ्यासारखी वाकडी आकडी तेवढी असते. पानाच्या वरच्या सालीखाली उभ्या पेशींचा जो दाट हिरवा थर असतो, तोच तिचे अन्न. खालचा थर ती सहसा शिल्लक ठेवते, म्हणून पान उलटल्यावर आपल्याला काही दिसले नाही. राख निरुपयोगी ठरली तिचेही कारण हेच आहे: राख सालीच्या बाहेर आणि अळी सालीच्या आत.

हे एकदा स्वतः पाहावे, म्हणून पद्धत सांगतो. ज्या रेघेच्या रुंद टोकाशी किंचित पिवळट असा एक बिंदू दिसतो, ते पान देठासह तोडावे, उजेडासमोर धरावे आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावे. पानाचा हिरवा रंग उजेडात पातळ होतो आणि रेघेच्या टोकाशी अळी कुशीवर आडवी पडलेली दिसते. तिची काळी आकडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, पुन्हा परत, अशी सारखी फिरत असते. बांधावर बसून गवत कापणारा माणूस हात पोहोचेल तेवढे अर्धवर्तुळ कापून घेतो आणि मग ढुंगणावरच पुढे सरकतो, अगदी तशी तिची चाल असते. आकडी फिरेल तसा समोरचा हिरवा काठ मागे हटत जातो आणि अळीच्या पारदर्शक अंगातून हिरवा घास मागे सरकताना दिसतो. मध्येच ती कूस बदलते. तिची विष्ठा काही अंतर रेघेच्या एका काठाला आणि मग काही अंतर दुसऱ्या काठाला, काळ्या तुटक दोऱ्यासारखी पडते, ती या कूस बदलण्यामुळेच. हा काळा दोरा लक्षात ठेवावा. ओळख पटवण्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

पानाच्या आत ती दोनदा कात टाकते आणि दर वेळी रेघ रुंद होते. आपल्याकडील हवेत चार ते सात दिवसांत तिची वाढ पूर्ण होते. तेव्हा ती तीन मिलिमीटरच्या आसपास, केशरी-पिवळी होते, सालीला अर्धचंद्रासारखी चीर पाडते आणि बहुधा पहाटे किंवा सकाळच्या पहिल्या प्रहरी पानाबाहेर येऊन खाली पडते. मातीत किंवा पातेऱ्यात शिरून काही तासांतच तिचा कोष होतो, आणि एक-दोन आठवड्यांनी त्यातून माशी निघते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत आटोपतो.

आता आपल्या फवारणीकडे येतो. पानावर रेघ कायमची राहते, अळी मात्र आठवडाभरात निघून जाते. म्हणजे पानांवर रेघाच रेघा पाहून आपण पंप उचलतो, तेव्हा त्यांतील बऱ्याच रेघा भाडेकरू सोडून गेलेल्या खोल्या असतात. ज्या अळ्या आत असतात त्यांच्या अंगावर सालीचे छप्पर असते, कोष मातीत असतात, आणि औषध सापडते ते बाहेर फिरणाऱ्यांना. बाहेर कोण फिरत असते, हा यातला खरा मुद्दा आहे. त्यावर सवडीने वेगळा प्रतिसाद लिहितो.

मिरगाचे आभाळ · ४ डिसेंबर

भिंगवालेकाका, आमच्या कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी रंगाच्या रेघा येतात आणि पाने वाकडीतिकडी होऊन गुंडाळली जातात. तीही हीच माशी काय? पावसाळ्यात पालवी आली की हमखास हा त्रास होतो.

भिंगवाला (देवगड) · ४ डिसेंबर

नाही. लिंबावरची पाने पोखरणारी अळी ही माशीची नसून एका अतिशय लहान पतंगाची आहे. त्याचे नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. वर ज्या काळ्या दोऱ्याविषयी लिहिले, तो लिंबाच्या पानावर पाहा. माशीच्या रेघेत तो काठाकाठाने बाजू बदलत जातो. लिंबावर तो रेघेच्या बरोबर मधून, सलग, पेन्सिलीने ओढल्यासारखा जातो. शिवाय ही अळी कोषासाठी खाली पडत नाही. ती पानाची कड दुमडून तिच्या आतच रेशमाचे अंथरूण करते, आणि पान गुंडाळलेले दिसते ते बऱ्याच अंशी त्यामुळे.

लिंबाच्या बाबतीत रेघेपेक्षा जखमेची चिंता करावी. पोखरलेल्या कोवळ्या पानातून खैऱ्या रोगाच्या जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते, आणि आपल्या पावसात खैऱ्याला आमंत्रणाचीही गरज नसते. जून झालेली पाने हा पतंग सहसा निवडत नाही. म्हणून वारंवार छाटून आणि भरमसाट नत्र घालून सतत कोवळी पालवी काढत राहणे टाळावे.

काजूवाडी (वेंगुर्ले) · ५ डिसेंबर

याच अनुषंगाने काजूविषयी लिहितो, कारण आमच्याकडे काजूच्या नव्या पालवीवरचे फोड पाहून नागअळीचे औषध मागायला जाणारे पुष्कळ आहेत. काजूवरची पाने पोखरणारी अळी हीसुद्धा पतंगाचीच, ॲक्रोसर्कॉप्स सिंग्रामा नावाच्या. ती रेघ काढत बसत नाही. कोवळ्या पानाची साल आतून सोडवून राखाडी-पांढरा फुगवटा करते. पुढे तो भाग वाळून गळून पडतो आणि पानाला भोके राहतात. आपण जी भोके पाहतो ती पान जून झाल्यावरची असल्यामुळे किडीने पान बाहेरून खाल्ले असे वाटते. मोठ्या झाडाला यामुळे फारसा फरक पडत नाही, असा माझा वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे. दोन-तीन वर्षांच्या कलमाची सगळीच पालवी सापडली तर मात्र वाढ मागे पडते.

टोमॅटोच्या पानावरही रेघेऐवजी मोठा पारदर्शक डाग दिसला आणि आत हिरवट अळी दिसली, तर ती नागअळी नव्हे. दक्षिण अमेरिकेतून आलेला टूटा ॲब्सोल्यूटा हा पतंग २०१४ मध्ये पुणे भागात पहिल्यांदा आढळला आणि पुढे देशभर पसरला. ती अळी फळातही शिरते, त्यामुळे तेथे दुर्लक्ष परवडत नाही.

कलिंगडवाला · ५ डिसेंबर

इथपर्यंतची माहिती उत्तम आहे. तरीही शेतात पोट असलेल्या माणसाच्या बाजूने थोडे लिहिणे भाग आहे. आम्ही भात काढल्यावर त्याच जमिनीत कलिंगड करतो. बी उगवून दलपत्रे, म्हणजे रोपाची पहिली दोन पाने, उघडली की पहिल्याच आठवड्यात त्यांवर ठिपके आणि रेघा येतात. मोठ्या वेलाची शंभरातली दहा पाने गेली तर कोणाचे काही बिघडत नाही, हे मान्य. पण ज्या रोपाला दोनच पाने आहेत, त्याची दोन्ही पाने पोखरली गेली तर ते रोप आठ-दहा दिवस जागच्या जागी बसून राहते. आणि बाजारात आठ दिवस आधी येणारे कलिंगड व आठ दिवस उशिरा येणारे कलिंगड यांच्या भावातला फरक तुम्हा परसबागवाल्यांना सोसावा लागत नाही. पालेभाजीचेही तसेच आहे. तेथे पानच विकायचे असते आणि नक्षी काढलेले पान कोणी घेत नाही. “काही करू नका, निसर्ग पाहून घेईल” हा सल्ला अडीच गुंठ्यांपुरता ठीक आहे.

भिंगवाला (देवगड) · ६ डिसेंबर

आपला मुद्दा रास्त आहे, आणि काहीच करू नका असे मी म्हटलेलेही नाही. आता राहिलेला भाग लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

फवारणी करताना पानाबाहेर जे फिरत असतात त्यांत नागअळीच्या माश्या असतात, आणि तितक्याच लहान, एक-दोन मिलिमीटरच्या, निळसर-हिरव्या धातूसारखी चकाकी असलेल्या परजीवी गांधिली असतात. त्या माणसाला डसत नाहीत. इतक्या लहान असतात की आपण त्यांना चिलटे समजून हाताने उडवून लावतो. हेमिप्टार्सेनस व्हॅरिकॉर्निस ही आपल्या देशात नागअळीवर आढळणारी त्यांतली एक जात. तिच्या नराच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असतात, आणि भिंगाखाली तो एखाद्या वाळक्या डहाळीचा तुकडा डोक्यावर घेऊन चालल्यासारखा दिसतो. मादी पानावरून चालताना मिशांनी सारखी टकटक करते, रेघेवर आली की थबकते, आणि सालीतूनच आपली नळी आत घालून अळीला डसते. अळी लुळी पडते. मग गांधील त्या लुळ्या अळीच्या शेजारी एक अंडे ठेवते आणि तिचे पिल्लू त्या अळीवर वाढते.

डिग्लिफस नावाच्या दुसऱ्या एका गटाची पिल्ले याहून पुढे जातात. अळी खाऊन संपली की कोषावस्थेत जाण्यापूर्वी ती आपल्याभोवती विष्ठेचे छोटे खांब उभे करतात. पान वाळून पोकळी दबू नये, म्हणून हा टेकू. वाळक्या पानात असे सात-आठ काळे खांब गोलाकार उभे आणि मध्ये झोपलेला कोष मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आमच्या माजघराची आठवण झाली, हे थोडे विषयांतर झाले तरी लिहून टाकतो.

नागअळीच्या माशीत अनेक औषधांना दाद न देण्याची शक्ती फार लवकर येते. जगभर तिची ही ख्याती आहे. गांधिलीत ती शक्ती सहसा तेवढी नसते. म्हणून सगळ्यावर चालणारे औषध फवारले की माश्यांतल्या काही मरतात, गांधिली जवळजवळ सगळ्या मरतात, पानातल्या अळ्या आणि मातीतले कोष सुखरूप राहतात. दोन आठवड्यांनी त्या कोषांतून माश्या निघतात, तेव्हा त्यांच्या अळ्यांना डसणारे कोणी उरलेले नसते. धागाकर्त्यांच्या परसात हेच घडलेले दिसते. मावा गेला आणि नागअळी वाढली, हे दोन्ही एकाच बाटलीचे परिणाम आहेत.

कलिंगडवाल्यांसाठी: रोप दोन पानांचे असताना पाच टक्के निंबोळी अर्क किंवा अझाडिरेक्टिन (निंबोळीतले प्रभावी द्रव्य) असलेले औषध वापरणे मला योग्य वाटते, कारण ते अळीच्या कात टाकण्यात अडथळा आणते आणि गांधिलींना त्यामानाने कमी बाधते. आपल्या किनाऱ्यावर कडुनिंब फारसा नाही, त्यामुळे निंबोळ्या घाटावरून आणाव्या लागतात हे खरे. अन्य औषध घ्यायचेच असेल तर कोणते आणि किती, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या त्या त्या पिकासाठीच्या शिफारशीनुसार ठरवावे; दुकानाच्या फळीवर जे पुढे असेल त्यावरून ठरवू नये. पिवळे चिकट सापळे माश्या आल्याचे ओळखण्यासाठी लावावेत. त्यांत गांधिलीही अडकतात, म्हणून शेतभर त्यांचे तोरण बांधू नये. आणि युरिया हात राखून द्यावा: पानात नत्र जास्त असले की माशीला ते पान अधिक मानवते.

आगरातली वाल (रेवदंडा) · ६ डिसेंबर

आमच्याकडे वालावर या कुळातल्या दुसऱ्याच बाईचा त्रास आहे. तिला खोडमाशी म्हणतात, शास्त्रीय नाव ओफिओमायिया फॅसिओली. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल आणि चवळी पेरतो, त्यात ही येते. ती अंडे कोवळ्या पानातच घालते. अळी पानातून निघून देठात, देठातून खोडात आणि खोडातून थेट जमिनीलगतच्या भागापर्यंत पोखरत उतरते. पानावर रेघ जेमतेम दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. मग एके दिवशी रोप पिवळे पडते, आणि उपटून पाहिले तर खोड जमिनीशी सुजून तडकलेले असते व सालीखाली तपकिरी कोष चिकटलेले असतात. पानावरच्या नागअळीने मेलेले वालाचे रोप मी अद्याप पाहिलेले नाही, खोडमाशीने मेलेली दर वर्षी पाहते. रोपांना मातीची भर दिली तर पोखरलेल्या भागाच्या वर नवी मुळे फुटतात आणि बरीच रोपे तगतात. माझ्या सासूबाई हे फार पूर्वीपासून करत. माशीचे नाव मात्र आम्हाला खूप नंतर कळले.

भिंगवाला (देवगड) · ७ डिसेंबर

काकू, अगदी बरोबर. तुरीची शेंगमाशीही याच कुळातली. आणि या कुळातल्या एका माशीला माणसाने मुद्दाम भारतात आणले होते. घाणेरी, म्हणजेच टणटणी, आवरता आवरेना, तेव्हा तिच्या फळांत वाढणारी ओफिओमायिया लँटॅनी ही माशी १९२१ मध्ये हवाईहून आणून सोडण्यात आली. घाणेरीचे काय झाले हे कोकणातल्या कोणत्याही पाणंदीच्या कडेला उभे राहिले की दिसते.

परसदार (गुहागर) · ८ डिसेंबर

सर्वांचे आभार. फवारणी थांबवली आहे. प्रश्न एरंडाचा उरतो. त्यावरच्या रेघा चवळीपेक्षाही जास्त आहेत. माश्यांचे माहेरच गडग्याला लागून असेल, तर ते उपटून टाकणे शहाणपणाचे नाही काय?

काजूवाडी (वेंगुर्ले) · ८ डिसेंबर

मी तोडले असते. घरातच उंदीर पोसून कणगीला कुलूप लावण्यात काय अर्थ आहे?

भिंगवाला (देवगड) · ८ डिसेंबर

तोडण्यापूर्वी एक गोष्ट करावी. एरंडाची आणि टोमॅटोची, ज्यांत पिवळी अळी प्रत्यक्ष दिसते अशी पाने निवडून दोन वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवावीत. तळाशी किंचित ओलसर कागद घालावा, तोंडाला मलमलचे फडके बांधावे, आणि बरण्या उन्हात न ठेवता खिडकीजवळ ठेवून तीन आठवडे वाट पाहावी. पाने कुजू देऊ नयेत. पाणी सुटले तर कागद बदलावा. बाहेर काय येते ते मोजावे आणि मगच कोयता उचलावा.

परसदार (गुहागर) · ३० डिसेंबर

बरण्यांचा हिशेब देतो. प्रत्येक बरणीत बारा पाने घेतली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातच्या आधी कागदावर केशरी अळ्या पडलेल्या दिसल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. त्या थोडा वेळ वळवळत होत्या. दुपारी पाहिले तर त्यांच्या जागी गुळाच्या रंगाचे, दोन्ही टोकांना गोल झालेले कोष होते. एक अळी आमच्या डोळ्यांदेखत पानातून बाहेर आली. आधी सालीखाली काळी आकडी जोरात हलू लागली, साल एका बाजूने सुटली, आणि अंग आकसून-ताणून अळी त्या चिरेतून निम्मी बाहेर लोंबकळली. ती खाली पडेपर्यंत आईने चहा तसाच निवू दिला.

टोमॅटोच्या, म्हणजे दोनदा फवारलेल्या झाडांच्या बरणीतून १७ माश्या निघाल्या आणि गांधील एकच. एरंडाच्या बरणीतून ७ माश्या निघाल्या आणि ११ गांधिली. एरंडावर मी कधीच फवारले नव्हते. दोन बरण्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला समजते, परंतु एरंड तोडायचा विचार मी सोडून दिला आहे. काजूवाडीकरांच्या उंदरांबरोबर त्याच घरात मांजरेही वाढत होती, असे दिसते. टोमॅटोची खालची, पूर्ण वाळलेली पाने काढून टाकली. चवळीच्या बुडाशी माती हलवली, तेव्हा तिथल्या मुंग्यांनी उघडे पडलेले काही कोष उचलून नेताना पाहिले. चवळीला शेंगा लागल्या आहेत. रेघा अजून आहेत.

एक शंका राहिली. एरंडाच्या चार-पाच रेघा अर्ध्यातच थांबलेल्या होत्या. टोकाला चीर नव्हती, रेघही पुरेशी रुंद झालेली नव्हती, आणि त्यांतून ना माशी निघाली ना गांधील. आत तपकिरी, चपटा, वाळलेला ठिपका तेवढा होता. ते काय असावे?

भिंगवाला (देवगड) · ३० डिसेंबर

बहुधा तेही गांधिलीचेच काम. ती प्रत्येक वेळी अंडे घालण्यासाठीच डसते असे नाही. पुष्कळदा अळीला डसून तिच्या अंगातला रस स्वतःच पिते आणि पुढे जाते. अशा मारलेल्या अळ्या बरणीत मोजल्या जात नाहीत, म्हणून आपला ११ चा आकडा गांधिलींच्या कामाच्या मानाने कमीच धरावा. चीर असलेली रेघ, चीर नसलेली रुंद रेघ आणि अर्ध्यात थांबलेली अरुंद रेघ, अशा तिन्ही वेगळ्या मोजायची सवय लावून घेतली तर बरणीशिवायही अंदाज येतो.

कलिंगडवाला · ३१ डिसेंबर

माझी लागण पुढच्या आठवड्यात आहे. पहिली फवारणी निंबोळीचीच करीन, आणि गडग्याकडच्या दोन ओळी अजिबात न फवारता ठेवीन. बाकीचे क्षेत्र तुमच्या भरवशावर सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दहापट दाखवणारे ते भिंग कुठे मिळते?

भिंगवाला (देवगड) · ३१ डिसेंबर

घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते चालते. त्यांच्याकडेच चौकशी करावी. दोन्ही हात मोकळे राहतात, पान उजेडासमोर नीट धरता येते. मात्र अळी पाहायची असेल तर सकाळी जावे. उन्हे चढली की भरलेल्या रेघांमधले मोठे भाडेकरू खाली उतरून गेलेले असतात.